कोकणातील समुद्रकाठचे जुने घर आणि निवांत, आधुनिक मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्थायिक झालेल्या, परंतु श्रीवर्धन, दिवेआगर, केळशी, आंजर्ले, हर्णै किंवा गुहागर अशा ठिकाणी वाडवडिलांचे घर असलेल्या कुटुंबांकडून आमच्या वास्तुरचना कार्यालयात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घरांना लागू आहेत. घराला नंतर जोडलेला स्लॅबचा भाग असेल, तर प्रश्न १८ अवश्य पाहावा.

१. आमचे घर साठ-सत्तर वर्षे जुने आहे. दुरुस्त करावे की पाडून नवीन बांधावे?

बहुतेक वेळा दुरुस्त करावे. भिंत ओळंब्यात असेल, पायथ्याचा चिरा भुसभुशीत होऊन खचला नसेल आणि लांबून पाहता आढ्याची रेषा फारशी लचकलेली नसेल, तर घराचा सांगाडा शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कठीण होत जातो. त्यामुळे भिंत जुनी आहे एवढ्यावरून ती कमकुवत ठरत नाही. मात्र वरपासून खालपर्यंत तिरकी गेलेली आणि दरवर्षी रुंदावणारी भेग दिसत असेल, किंवा एखादा कोपरा बाहेर झुकला असेल, तर संरचना अभियंत्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवावे. मोबाईलवर पाठवलेल्या छायाचित्रांवरून हा निर्णय आम्ही देत नाही आणि इतर कोणी दिला तर तो मानू नये. पाडण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी प्रश्न ३ वाचावा.

२. घराची पहिली पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

जुलैमध्ये, भर पावसात. दिवाळीनंतर घर कोरडे, हसरे आणि निर्दोष दिसते. ते कुठे गळते, पाणी अंगणातून जोत्याकडे वळते की परसाकडे, पश्चिमेची झड पडवीत किती आत येते, हे पावसातच कळते. सोबत साधी पेन्सिल न्यावी. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली आहे तिथे बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, आणि जमिनीवर जिथे थेंब पडतो तिथे खूण करून नेमके वरचे कौल कोणते, हे कागदावर नोंदवावे. ही नोंद पुढे गवंड्याला कोणत्याही आराखड्याइतकी उपयोगी पडते. पुण्याहून निघताना घाटाची चौकशी मात्र करावी, कारण वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. ताम्हिणीतही गाडी बेतानेच चालवावी लागते.

३. घर समुद्रापासून अगदी जवळ आहे. दुरुस्तीला सीआरझेडची अडचण येते का?

दुरुस्तीला सहसा येत नाही. वाढीव बांधकामाला येते. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची, सध्याची अधिसूचना जानेवारी २०१९ मध्ये निघाली. तिच्यानुसार उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांखाली येते. ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात मोडतो आणि त्याचे दोन भाग केलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक असलेल्या गावांत ना-विकास क्षेत्र भरती रेषेपासून ५० मीटरचे आहे, तर त्याहून विरळ वस्तीच्या गावांत ते २०० मीटरचे आहे. आपली आगरा-पोफळीची गावे बहुतांशी दुसऱ्या प्रकारातली असल्याने २०० मीटर हाच आकडा डोक्यात ठेवून सुरुवात करावी. खाडीकाठच्या घरांना अंतराचा नियम वेगळा आहे.

ना-विकास क्षेत्रातही अस्तित्वात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट अशी की पूर्वीचे चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्रफळ आणि घनता ओलांडता कामा नये. म्हणजे कौले बदलणे, गिलावा काढणे, आतल्या खोल्यांची फेरमांडणी करणे यांत अडचण नाही, परंतु मागे नवी खोली काढणे किंवा पडवीच्या पुढे पक्का ओटा वाढवणे यांत आहे. येथे सगळा भर ‘अधिकृत’ या शब्दावर आहे. घर जुने आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण ते कागदावर दिसावे लागते, आणि म्हणून प्रश्न ४ मधील कागद कामाच्या आधी जमवावेत. घर नेमके कोणत्या रेषेच्या आत येते हे डोळ्यांनी किंवा मोबाईलवरच्या नकाशाने ठरवू नये. मंजूर किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर आपला गट क्रमांक पाहून घ्यावा. ‘गावात सगळेच करतात’ हे उत्तर आम्हाला वारंवार ऐकू येते. नोटीस मात्र ज्याच्या त्याच्या नावाने येते.

४. घर अजूनही आजोबांच्या नावावर आहे आणि हिस्सेदार बरेच आहेत. काम सुरू करता येईल का?

करता येते, पण करू नये. आधी सातबारा किंवा गावठाणात असल्यास मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या जुन्यात जुन्या पावत्या एकत्र कराव्यात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावरून घर किती जुने आणि केवढे, हे दाखवता येते, मात्र मालकी सिद्ध होत नाही. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करून घ्यावा. त्यानंतर सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी आणि तीत खर्च कोण करणार, कोणत्या खोल्या कोणी वापरायच्या, गणपतीला सगळे आले तर झोपायचे कुठे, हेसुद्धा स्पष्ट लिहावे. हा शेवटचा मुद्दा वाचून लोक हसतात, पण नव्याने रंगवलेल्या घरातले पहिले भांडण बहुधा याच मुद्द्यावरून होते.

५. खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

चौरस फुटाचा दर विचारून जुन्या घराचा अंदाज बांधता येत नाही, कारण दोन सारख्या दिसणाऱ्या घरांत एकाच्या तुळया धड असतात आणि दुसऱ्याच्या भिंतीत गेलेल्या टोकांचा भुगा झालेला असतो. आम्ही एवढेच सांगतो की निम्मा खर्च न दिसणाऱ्या कामांवर, म्हणजे छप्पर, ओल, वायरिंग, नळ आणि सांडपाणी यांवर होईल असे धरून चालावे आणि एकूण रकमेच्या पाचव्या भागाइतकी तरतूद बाजूला ठेवावी. फर्निचरची यादी आधी करणाऱ्यांचे पैसे छपरापाशी संपतात.

६. कामाला किती काळ लागतो?

मोसम एकच मिळतो: दसऱ्यानंतर जमीन वाळल्यापासून मेअखेरपर्यंत. त्यातही शिमग्याला गावातले कामगार पालखीत असतात आणि आंब्याच्या हंगामात बागेत. छपराचे काम नोव्हेंबरमध्ये उघडून जानेवारीपर्यंत झाकले गेले पाहिजे; चुन्याचा गिलावा थंडीच्या महिन्यांत उत्तम बसतो, कारण तो हळूहळू वाळावा लागतो. भिंतींना ओल असेल तर एका मोसमात काम उरकण्याचा हट्ट सोडावा. त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

७. दर दोन वर्षांनी रंग देऊनही भिंतींचा पापुद्रा सुटतो आणि पांढरी पूड येते. कायमचा उपाय कोणता?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही: भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग काढून टाकावा लागतो.

चिरा सच्छिद्र आहे. तो जमिनीतून पाणी ओढतो आणि समुद्राकाठी त्या पाण्यासोबत क्षारही येतात. भिंत उघडी किंवा चुन्याने लिंपलेली असेल तर पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि क्षार बाहेर पांढऱ्या पुडीच्या रूपाने दिसतात. ते झाडून टाकता येतात. त्याच भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर दिला की पाणी अडकते, आणखी वर चढते आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या मागे तयार होऊन त्याला आतून ढकलू लागतात. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून पाहावी: चिकटलेला गिलावा ठणकतो, सुटलेला भद्द वाजतो. जिथे भद्द वाजते तिथे कितीही भारी रंग लावला तरी तो पुढच्या श्रावणात खाली येणार. डब्यावरची हमी डब्यापुरतीच असते.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम घराबाहेरची जमीन पाहावी. कित्येक घरांत मूळ अंगण जोत्यापेक्षा चांगले हातभर खाली होते. नंतर भराव, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांचे थर चढत गेले आणि बाहेरची पातळी आतल्या जमिनीशी येऊन भिडली. ती उतरवावी, घराभोवती पागोळ्यांखाली खडीचा पट्टा आणि उताराचा चर करावा. एवढ्यानेच ओल लक्षणीय उतरलेली आम्ही पाहिली आहे. मग ओलीच्या रेषेच्या वर हातभर अंतरापर्यंत सिमेंट काढून भिंत उघडी ठेवावी, शक्य असल्यास पूर्ण उन्हाळा. आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुतल्यास ते पुन्हा आत जातात. शेवटी चुन्याचा गिलावा दोन किंवा तीन थरांत द्यावा आणि वर चुन्याचीच सफेदी करावी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला आठवडे द्यावे लागतात. काही वर्षांनी खालचा पट्टा पुन्हा लिंपावा लागेल, आणि तो खर्च देखभालीत धरावा.

८. कौले काढून पत्रा किंवा स्लॅब टाकला तर कटकट मिटेल का?

कौले चाळण्याची कटकट मिटेल आणि इतर सुरू होतील. पत्रा दुपारी तापतो, पावसात बोलणे ऐकू येऊ देत नाही आणि खाऱ्या वाऱ्यात कडांपासून गंजतो. स्लॅबचे वजन जुन्या चिऱ्याच्या भिंतींना सोसेलच असे नाही, आणि समुद्रकाठच्या स्लॅबचे पुढे काय होते ते प्रश्न १८ मध्ये आहे.

मंगलोरी कौलांचे छप्पर तापलेली हवा फटींतून बाहेर सोडते, त्याचे सुटे भाग एकेक करून बदलता येतात आणि चांगले कौल अनेक दशके टिकते. जुने कौल उतरवल्यावर बोटाने टिचकी मारावी. खणखणीत वाजले तर ते पुन्हा चढवावे. आम्ही साधारणतः असे करतो: वासे तपासून झाल्यावर त्यांवर लाकडी फळ्यांचे आच्छादन, त्यावर बाष्प बाहेर जाऊ देणारा पाणीरोधक पडदा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि वर तीच जुनी कौले. कौलाखाली हवा खेळती राहते, चुकून गळलेले पाणी पडद्यावरून पागोळीपर्यंत वाहून जाते, आणि उंदीर, वटवाघळे व वरून झडणारी माती यांचा प्रश्न सुटतो. आत फळ्यांची स्वच्छ उतरती बाजू दिसते. जिप्समचे सपाट छत लावून ती झाकू नये. घराची खरी उंची तिथेच आहे. दोन-चार काचेची कौले मात्र जरूर ठेवावीत, विशेषतः माजघरावर.

छज्जा, म्हणजे भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग, आधुनिक दिसावे म्हणून आखूड करण्याची मागणी अधूनमधून येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या पट्ट्यात ती आम्ही नाकारतो.

९. लाकडाला वाळवी लागली आहे. सगळे बदलावे लागेल का?

क्वचितच. जुन्या घरांत साग, ऐन, किंजळ आणि फणस ही लाकडे वेगवेगळ्या कामांसाठी वापरलेली असतात आणि त्यांतला गाभा अजून धड असतो. तपासणी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने करावी, आणि ती मधल्या भागात न करता भिंतीत शिरणाऱ्या टोकांपाशी करावी, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. टोक सहज आत गेले तर तेवढा भाग कापून जुन्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यावा. गावातला अनुभवी सुतार हे काम आमच्यापेक्षा चांगले जाणतो. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण द्यावे. कोकणात काजूच्या टरफलाचे तेलही लावतात. ते परिणामकारक आहे, पण कातडी भाजते, म्हणून हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. वर्षानुवर्षे चढलेले ऑइल पेंटचे थर खरवडून काढले की खालचे लाकूडच पुष्कळदा घराचा रंग ठरवते.

१०. ‘शांत आणि आधुनिक’ म्हणजे नेमके काय करायचे? आम्हाला भिंती पाडून एकच मोठी खोली हवी आहे.

पुण्याच्या सदनिकेत जे मिळत नाही ते इथे हवे, एवढी गोष्ट पक्की धरली तर अर्धे निर्णय आपोआप होतात. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार ही जुनी मांडणी उजेडाची आणि खाजगीपणाची उतरंड आहे: पडवीत प्रखर उजेड, ओटीवर मऊ, माजघरात जवळजवळ अंधार. मे महिन्याच्या दुपारी माजघरातला तो गार अंधार हीच घरातली सर्वांत शांत जागा असते, आणि ‘इथे उजेड कमी आहे’ म्हणून नेमकी तीच पाडायला सांगितली जाते. भार वाहणारी मधली भिंत काढण्याऐवजी तिच्यातले दार रुंद करावे. वर पुरेशा जाडीची तुळई देऊन हे करता येते.

आधुनिकपणा आम्ही वजाबाकीतून आणतो. प्रथम नंतर चढलेले थर काढावेत: पीओपी, भिंतीवरच्या टाइल्स, लोखंडी ग्रिल, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, चार पिढ्यांची न वापरली जाणारी कपाटे. उरते ते बहुधा पुरेसे असते. त्यात नवीन वस्तू मोजक्या आणि उघडपणे नव्या दिसणाऱ्या असाव्यात. जुन्या झोपाळ्याची नक्कल करून दुसरा झोपाळा टांगू नये. जुना आहे तो राखावा आणि शेजारी साधी, सरळ रेषेची बैठक ठेवावी. रंग दोन पुरेत: चुन्याचा पांढरा आणि लाकडाचा स्वतःचा. चिऱ्याच्या एखाद्या भिंतीचा गिलावा काढून ती उघडी ठेवायला हरकत नाही, पण सगळ्या भिंती उघड्या केल्या तर घर लाल, काळोखे आणि एखाद्या उपाहारगृहासारखे दिसू लागते. वायर आणि स्विच यांच्यासाठी चिऱ्यात खाचा मारू नयेत. पितळी किंवा चिनी मातीच्या बटणांसह बाहेरून नळीतून नेलेले वायरिंग नीटनेटके दिसते आणि दुरुस्तीला सोपे पडते. देवघर शक्यतो हलवू नये. त्याची कारणे मांडणीची आहेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची वेगळी असतील, पण निष्कर्ष एकच निघतो.

११. समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत करता येईल का?

करता येते, आणि जून ते सप्टेंबर तिच्या फटींतून आत येणारे पाणी पुसता येते. नैऋत्य मोसमी वाऱ्यात पाऊस आडवा येतो. सरकत्या काचांच्या खालच्या खाचेत वाळू आणि मीठ साचून त्या अडतात. आणि पाच वाजल्यानंतर पश्चिमेचे ऊन सरळ डोळ्यांत येते. जुन्या माणसांनी घर आणि समुद्र यांच्यामध्ये माड, सुरू, उंडी आणि केवडा यांचा पट्टा ठेवला, कारण तो वारा आणि मीठ दोन्ही गाळतो. देखाव्यासाठी ही झाडे तोडण्याची मागणी आली तर आम्ही काम घेत नाही. खोल पडवी, तिच्यामागे पूर्ण उघडणारी लाकडी झडपांची दारे आणि बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येणारी एक नेमकी खिडकी एवढ्यावर समुद्र भरपूर दिसतो. झाडांमधून तुकड्यातुकड्याने दिसणारा समुद्र अधिक चांगला, असे आमचे मत आहे. ते मान्य नसलेल्यांनी चालत किनाऱ्यावर जावे, तो जवळच असतो.

१२. बिजागऱ्या, नळ, स्क्रू वर्षभरात गंजतात. काय वापरावे?

स्टेनलेस स्टील ३१६ दर्जाचे घ्यावे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ वर समुद्रकाठी चहाच्या डागासारखे तपकिरी ओघळ येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते क्षारांना अधिक तोंड देते. चुंबक लावून या दोन दर्जांतला फरक कळत नाही, त्यामुळे दर्जा बिलावर लिहून घ्यावा. पितळ उत्तम; ते काळवंडते, पण टिकते. दाराला पितळी बिजागरी बसवून तिला लोखंडी स्क्रू मारण्याची चूक फार दिसते, आणि गंज त्या स्क्रूपासूनच सुरू होतो.

१३. जमिनीला काय करावे?

मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स टाळाव्यात. त्या जमिनीतली ओल वर येऊ देत नाहीत आणि ती भिंतींकडे ढकलली जाते. शिवाय ओल्या पायांनी आणि वाळूने त्या निसरड्या होतात. खडबडीत कोटा, तांदूर किंवा शहाबादी फरशी चुन्याच्या मसाल्यात बसवावी. रेड ऑक्साइडचा कोबा सुंदर दिसतो, पण खालून ओल असेल तर त्यावर पांढरे डाग उमटतात. तो जोत्याच्या उंच भागात करावा.

१४. प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम हवे. कुठे काढावे?

माजघराच्या पोटात काढू नये. चिऱ्याच्या भिंतीतून नळ नेला आणि तो झिरपू लागला, तर प्रश्न ७ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मागच्या पडवीच्या अस्तित्वात असलेल्या जोत्यावर दोन किंवा तीन न्हाणीघरे ओळीने काढावीत, नळ भिंतीपासून सुटे ठेवावेत आणि एकाला तरी आकाश उघडे ठेवावे. जोते वाढत असेल तर प्रश्न ३ लागू होतो. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब, आणि वाळूच्या जमिनीत तर वीस मीटरांच्या आत कधीच नसावा; शेजाऱ्याची विहीरही मोजावी.

१५. विहिरीला पाणी कमी आहे. बोअर मारावी का? छोटा तरणतलाव शक्य आहे का?

किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत ते मिळते, असे भूजलशास्त्र सांगते. याचाच दुसरा अर्थ असा की वरची पातळी हातभर जरी उपसली, तरी खालचे खारे पाणी कित्येक मीटर वर सरकते. खोल बोअर आणि मोठा पंप लावून विहिरी खाऱ्या होतात त्या अशा, आणि एकाची बोअर चार घरांच्या विहिरी बिघडवते. शिवाय नियमन क्षेत्रात भूजल उपशावर निर्बंध आहेत. विहिरीचा गाळ काढावा, लहान पंपाने थोडे थोडे पाणी टाकीत चढवावे आणि छपराचे पाणी गाळून विहिरीजवळ मुरवावे. तरणतलाव नको. तो नवे बांधकाम ठरतो, त्याला पाणी याच विहिरीचे लागते, आणि समोर समुद्र आहे.

१६. एसी लावावा का?

सर्व घराला लावू नये, कारण कौलारू घर हवाबंद नसते. एक झोपण्याची खोली निवडून तिला फळ्यांचे छत, वर उष्णतारोधक थर आणि घट्ट बसणारी दारे करावीत. बाहेरचा युनिट पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला ठेवून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावा. बाकी घराला पंखे आणि आढ्याजवळचे हवेचे झरोके पुरतात.

१७. कारागीर पुण्याहून न्यावेत की गावचे घ्यावेत?

चिरा, कौल आणि लाकूड यांसाठी गावचे. वायरिंग, नळजोडणी आणि कपाटे यांसाठी हवे तर पुण्याचे. गावच्या गवंड्याला चुना येत नसेल तर एक चाचणीची भिंत करून घ्यावी. जुने सागवान हवे असल्यास पुण्यात पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये मिळते. त्यातले खिळे काढून घ्यावेत, बिल घ्यावे आणि ते वाहतुकीत सोबत ठेवावे. कामावर देखरेखीसाठी आठवड्याला एक ठराविक वार धरावा. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवली जाणारी भिंत नेहमी सरळच दिसते.

१८. मूळ घराला वडिलांनी स्लॅबच्या दोन खोल्या जोडल्या आहेत आणि आता त्यांतल्या सळ्या दिसू लागल्या आहेत. त्यांचे काय करावे?

येथे वरील बरेच नियम उलटे होतात. चुना, उघडी भिंत, ओल बाहेर पडू देणे हे चिऱ्यासाठी आहे. काँक्रीटमध्ये क्षार आणि पाणी आत जाऊ न देणे महत्त्वाचे असते. क्षार सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे खाली पडू लागतात. बांधकामात समुद्राची वाळू वापरली असेल तर क्षार पहिल्या दिवसापासून आतच आहेत. वरून सिमेंट थापून सळ्या झाकणे हा उपाय नव्हे. तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. नुकसान थोडे असेल तर गंजलेला भाग सळईच्या मागेपर्यंत उघडून, स्वच्छ करून दुरुस्ती करता येते. ते खोल गेले असेल तर स्लॅब उतरवून त्याच भिंतींवर, त्या सोसत असतील तर, कौलारू छप्पर घेणे पुष्कळदा स्वस्त पडते आणि घर पुन्हा एकसंध दिसते. नवे काँक्रीट करावेच लागले तर भारतीय मानक ४५६ नुसार किनारी हवेत उघड्या कामाला किमान एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे. गावात ‘नेहमीसारखे’ म्हणून जे ओतले जाते ते याच्या जवळपासही नसते.

१९. चक्रीवादळाचा विचार किती करावा?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर हा प्रश्न ऐच्छिक राहिलेला नाही. वारा छप्पर वर उचलतो, म्हणून वजनापेक्षा बांधणी महत्त्वाची: वासे भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला ३१६ दर्जाच्या पट्ट्यांनी जखडावी, पागोळीच्या आणि आढ्याच्या ओळींतील कौले तारेने बांधावीत. घरावर कलणारा माड वेळीच उतरवावा. दारे-खिडक्या आतून आडणा घालून बंद होतील अशा असाव्यात, कारण एक दार उघडले की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो.

२०. आमच्या किनाऱ्यावर कासवे येतात. बाहेरच्या दिव्यांबाबत काही पथ्य आहे का?

आहे. वेळास, आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, आणि बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरच्या अधिक उजळ बाजूकडे चालू लागतात. समुद्राकडे तोंड केलेले प्रखर पांढरे दिवे त्यांना जमिनीकडे ओढतात. त्या बाजूला दिवे लावूच नयेत. पायवाटेला लागतील ते गुडघ्याच्या उंचीचे, झाकलेले आणि पिवळसर असावेत.

२१. घर वर्षातले बहुतेक दिवस बंद असेल. काय काळजी घ्यावी?

बंद घर वापरातल्या घरापेक्षा लवकर बिघडते. गावातल्या कोणाला तरी पगार देऊन आठवड्यातून एकदा सर्व झडपा उघडायला सांगावे. कपाटांची दारे जाळीची किंवा पट्ट्यांची करावीत, नाहीतर आत बुरशी येते. गाद्या उभ्या ठेवाव्यात. मे महिन्यात कौले चाळून पन्हाळी साफ करून घ्यावीत; हे काम पाऊस तोंडावर आल्यावर सांगितले तर माणूस मिळत नाही. मेन स्विच बंद केल्यावरही पंप, एक दिवा आणि फ्रिजसाठी वेगळे सर्किट ठेवावे.

२२. आम्ही नसताना घर पर्यटकांना देता येईल का? त्यासाठी काही वेगळे बांधावे लागेल का?

सीआरझेडच्या नियमांत घरगुती निवासाची मुभा स्थानिक रहिवाशांना, आणि घराचे जोते, रचना व दर्शनी भाग न बदलता दिलेली आहे. पुण्यात राहणाऱ्या मालकाने स्वतःला स्थानिक समजावे की नाही, हे ग्रामपंचायतीत आणि पर्यटन विभागाच्या नोंदणीच्या वेळी आधी विचारून घ्यावे. वीज आणि घरपट्टीचा दरही वापराप्रमाणे बदलू शकतो. बांधकामाच्या दृष्टीने एक कुलूपबंद खोली घरच्यांच्या वस्तूंसाठी ठेवावी, शोषखड्डा अधिक माणसांच्या हिशेबाने करावा आणि सहहिस्सेदारांच्या संमतीपत्रात या वापराचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा.